समृद्धीला टोमॅटोच्या पिकअपमधून का नेले, याचा खुलासा

निरगुडसर, बुधवार

व्याहीबुवा भगवंतराव यांसी,

निरगुडसरहून कुशाबाचा आदरपूर्वक रामराम. आपला गुडघा व विहीणबाईंचा खोकला आता बरा असावा, अशी आशा बाळगतो. इकडे बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नात झाल्याचे आपणांस फोनवर कळलेच आहे. परंतु त्याच फोनवर विहीणबाईंनी आमच्या सौ. मंगलला असे विचारले, की दारात नवी गाडी उभी असताना आमची सून टोमॅटोच्या पिकअपमधून दवाखान्यात गेली, हे बेल्ह्यात आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? प्रश्न रास्त आहे. अशा प्रश्नाचे उत्तर फोनवर देणे बरे दिसत नाही, म्हणून कागद घेतला. (मी चौथी पास आहे. परंतु चौथी त्या काळची आहे.)

जावईबापू सूरजराव ही गाडी खास समृद्धीच्या बाळंतपणासाठी आमच्याकडे ठेवून गेले. जाताना म्हणाले, "मामा, टर्बो इंजिन हाय, लई नाजूक. काय वाटलं तर मेकॅनिकला फोन करा." त्यावर मी चार पाहुण्यांसमक्ष सांगितले, की विहिरीवरचे ऑइल इंजिन मी चाळीस वर्षे चालवले व त्यास मेकॅनिकचा हात लागू दिला नाही, गाडी मीच सांभाळीन आणि वेळ आली की मंचरच्या दवाखान्यात मीच नेईन. आपण तेथे हजर होता. (टर्बो म्हणजे काय, हे मी समजून घेतले आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो व तो इंजिनात जादा हवा कोंबतो. आमच्या लोहाराचा भाता हेच काम करीत असे, परंतु त्याची कोणी जाहिरात केली नाही.)

शनिवारी सकाळी नेमाप्रमाणे गाडी चालू केली, तो ती जागेवरच थरथरू लागली. मागून काळा धूर निघाला व आतमध्ये एक पिवळा दिवा लागला. समृद्धी म्हणाली, "आबा, दिवा लागलाय, मी ह्यांना फोन लावते." मी म्हटले, दिवा लावणे हे गाडीचे काम, कारण शोधणे हे माणसाचे. मग बांबूच्या काठीचे एक टोक इंजिनावर व दुसरे कानाला लावून मी चारही सिलिंडर एकेक करून ऐकले. एकही गैरहजर नव्हता. मात्र घाट चढून आलेल्या माणसासारखी सर्वांना धाप लागली होती. धाप लागते ती वाईट खाण्याने. सबब डिझेलमध्ये भेसळ, असे मी निदान केले. ते डिझेल आदल्या दिवशी आमचा शेजारी गोरख याने कॅनमधून आणून दिले होते. मी त्याच्या अंगणात जाऊन पाच माणसांदेखत त्यास तसे सांगितले. तो म्हणाला, "आबा, त्याच कॅनातलं माझ्या पिकअपमधी बी हाय. ती कुठं खोकतीय?" उलट प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर देण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

रविवारी ते सर्व डिझेल काढून नवे भरले, बॅटरीची टोके गरम पाण्याने धुतली. थरथर कायम. आता डिझेल फवारणारे नॉझल खोलावेत असे ठरवले, तर पाने जागेवर नव्हते. ते समृद्धीने लपवले होते. कोठे, ते पुढे येईल.

सोमवारी सकाळी सातला तिला कळा सुरू झाल्या. तिला व मंगलला बसवून मी निघालो. कालव्याच्या पुलाच्या चढावर गाडीने एक काळा ढग सोडला व ती बंद पडली. मंगल एक वाक्य बोलली, ते या पत्रात घालत नाही. इतक्यात मागून गोरख पिकअप भरून नारायणगावच्या बाजाराला निघालेला आला. शनिवारचा एक शब्दही त्याने काढला नाही. दोघींना पुढे बसवले, मी मागे क्रेटवर बसलो आणि त्याने पिकअप मंचरकडे वळवली. त्याचा त्या दिवशीचा बाजार चुकला. दवाखान्यात नर्सबाईंनी बाळंतपणाची पिशवी उघडली, तो दुपट्यांखालून प्रथम माझे पाने निघाले. साडेनऊला आपली नात झाली.

दुपारी गोरख माझ्यासोबत पुलावर आला. बॉनेट उघडून त्याने हवेच्या नळीच्या तोंडात हात घातला आणि आतून कापडाचा एक बोळा ओढून काढला. म्हणाला, "आबा, नाकात बोळा घालून पळ म्हनल्यावर हिनं काय करावं?" त्यानंतर गाडी अशी चालू झाली, की जणू काही घडलेच नव्हते. (पिवळा दिवा अद्याप लागतो. तो सूरजराव पाहतील.) तेव्हा धाप हे माझे निदान बरोबर होते, हे विहीणबाईंच्या कानी घालावे. बोळा नळीत कोणी घातला, याची चौकशी चालू आहे. लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार.

आपला,
कुशाबा

ता. क. : चौकशी पूर्ण झाली. बोळा मी घातला होता. ऑइल इंजिन बंद केले की उंदीर शिरू नये म्हणून हवेच्या तोंडात बोळा घालण्याची मला चाळीस वर्षांची सवय आहे, आणि आमच्या कांद्याच्या चाळीत उंदीर फार. शुक्रवारी संध्याकाळी बॉनेट उघडे असताना हात आपोआप गेला. परंतु ते इंजिन समोर उभे राहून हँडलने चालू करावे लागे, त्यामुळे बोळा डोळ्यांसमोर असे. ही गाडी आत बसून बटणाने चालू होते. यात दोष कोणाचा, ते आपण ठरवावे.

ता. क. दुसरे : बोळा म्हणजे लग्नात आपण मला आहेर केलेला टॉवेल होता. मंगलने दोनदा धुतला, काळा तो काळाच. पत्र लिहिण्याचे खरे कारण असे, की बारशाला येताना एक टॉवेल-टोपी गोरखसाठी आणावी व ती सर्वांदेखत आपण आपल्या हाताने त्यास द्यावी. मी दिली तर ती माफी होईल, आणि ते माझ्या हातून अजून होत नाही. मी शेजारी उभा राहीन, तो काय ते समजेल. मला नुसती टोपी आणावी.