तिसऱ्या रांगेतला दगड

९ ऑगस्ट
सरांनी आज ते ग्रीक महाकाव्य सुरू केलं. वर्गात पुस्तक एकच, सरांचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. दोन ओळी इंग्रजीत वाचतात, मग मराठीत सांगतात. सर देगलूरचे, रंगात आले की तेलुगूही येतं. राजा लढाईला गेला. लढाई संपली, बाकीचे घरी आले, हा आला नाही. वीस वर्षं. बायको वाट बघते.
शैला बसल्या जागेवरून म्हणाली, "वीस वर्षं? आमच्या औशाकडं दुसऱ्या वर्षी पाट लावून देतेत, सर." सगळे हसले. मीही हसले. पुढचं काही वहीत उतरलं नाही.
आमचे बहात्तरच्या दुष्काळात कामाला म्हणून गेले ते आलेच नाहीत. दहा वर्षं झाली. म्हणजे त्या हिशोबानं मी अजून अर्ध्यावरच.

११ ऑगस्ट
कॉलेज. दोनच तास.
राणीला मागणी घालायला माणसं दारात बसलेली. ती म्हणते, सासऱ्याच्या कफनाचं कापड विणून होऊ द्या, मग बघू. दिवसा विणते, रात्री उसवते. सर म्हणाले, हुशारी की हट्ट? मी म्हणाले, हाताला काम असलं की दिवस निघतो, सर. "बरोबर आहे तुमचं." पोरींना अगं-तुगं आणि मला अहो-जाहो. वय दिसतं, दुसरं काय.
माझं कापड म्हणजे दहावी, बारावी, आता बी.ए. दादा दरसाल दुसऱ्या लग्नाचा विषय काढतो, मी म्हणते एवढी परीक्षा होऊ दे. बारावीला इंग्रजीत दोनदा गेले तेव्हा म्हणाला, मुद्दाम नापास होतीस. दोन्ही वेळा मुद्दाम नव्हतं. एकदा होतं.

१७ ऑगस्ट
लातूर जिल्हा झाला. आता उस्मानाबादला खेटे नाहीत. डाळ मिलमध्ये पेढे वाटले, दादानं त्यातले दोन रुमालात बांधून आणले. (तो तिथं दिवाणजी.) पेढ्यांसोबत एक फॉर्म. नव्या ऑफिसात कारकुनाच्या जागा निघाल्यात, परित्यक्तांना प्राधान्य. शेवटची तारीख ७ सप्टेंबर. पतीने टाकले आहे असं लिहून खाली सही करायची.
"एक सही कर. जल्मभर कुणाच्या दारात बसायची पाळी येनार न्हाई तुझ्यावर."
दादा चुकत नाही. दहा वर्षं सांभाळलं, एकदा बोलून दाखवलं नाही. वहिनीनंही नाही. पण मला कुणी टाकलेलं नाही. ते यायचे राहिलेत.
फॉर्म ट्रंकेत, साडीखाली.

२२ ऑगस्ट
आज तळं डोळ्यापुढून हलेना.
लग्न होऊन सासरी गेले ते कंधारकडच्या त्या गावी, आणि आठवड्यात दोघंही दुष्काळी कामावर. पाझर तलाव. मी माती वाहायची, हे बांधाच्या पाळीला दगड लावायचे. घर एका खोलीचं, त्यात सासू, सासरे, लहाना दीर. बोलायची सोय नाही. बोलणं काय ते दुपारी कामावर मिळणारी सुकडी खाताना, दगडांच्या आडोशाला. एकदा ह्यांनी छिन्नीनं दगडावर दोन रेघा काढल्या, एक उंच, एक बुटकी. नावं नाहीत. मी त्यांचं घेत नव्हते, म्हणून त्यांनीही माझं घातलं नाही. रेघांची बाजू आत घालून दगड बसवला. सांडव्याच्या अंगाला, खालून तिसरी रांग. "आता हा काढायचा म्हनलं तर पाळ काढावी लागंल," म्हणाले. किती हसले होते मी. सोळा वर्षांची होते.
पुढं चार महिन्यांनी हे मुकादमाबरोबर निजामाबादला गेले. एक पत्र आलं. मग नाही.
ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. इथंही आज पहिल्यांदा.

२६ ऑगस्ट
भाऊजींचं पत्र. (लहाना दीर तो, आता त्याला दोन पोरं.) घरी एक माणूस आलाय, दाढी वाढलेली, बोलतो कमी. म्हणतो मी तुझा भाऊ. "अंगकाठी तीच हाय वैनी, पन मी तवा बारका होतो. मायला आता दिसत न्हाई. ती हात लावते अन् रडते. गावात कुनी हाव म्हनतंय, कुनी न्हाई. तुमीच या."
तीनदा वाचलं. दादाला दाखवलं नाही. भाकरी करपली.
जायला पाय निघेना. ते नसले तर? आणि असले तर मी ओळखीन? चेहरा आठवायला गेले की हात आठवतात.

२८ ऑगस्ट
राजा परत आला, भिकाऱ्याच्या वेषात. ओळख पटेना. राणी दासीला सांगते, ह्यांचा पलंग बाहेर आणून टाक. राजा चिडतो: तो पलंग हलेल कसा, जिवंत झाडाच्या बुंध्यात मी स्वतः घडवलाय. त्या चिडण्यावरून ती ओळखते.
सर पुढं वाचत होते. मला ऐकू येत नव्हतं.

२९ ऑगस्ट
भाऊजींना पोस्टकार्ड टाकलं. "त्यांना म्हणावं, लातूरला न्यायला या. येताना आपला दगड घेऊन या." तळ्याचं नाव लिहिलं नाही. चिडले, हसले, कसं निघेल म्हणाले, तर तेच.
पेटीत टाकल्यावर पेटीशीच थोडा वेळ उभी राहिले.

३ सप्टेंबर
उत्तर नाही. काल पाऊस. दादानं फॉर्मचं विचारलं. म्हणाले, देते.
मला ते हवेत. नोकरीही हवी. पण आधी ते. लिहून टाकलं एकदाचं.

६ सप्टेंबर, सकाळ
कंधार गाडीच्या कंडक्टरकडून भाऊजींची चिठ्ठी. "निरोप सांगितला. कायबी बोलला न्हाई. काल पहार घिऊन तळ्याकडं गेला, सांजच्याला रिकाम्या हातानं आला. आज दुपारी परत जानार हाय. पानी लई हाय वैनी, आयकत न्हाई."
दगड म्हटल्यावर तळं गावात कुणालाही सुचेल. आम्ही दोघं तिथं कामाला होतो हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे अजून काहीच ठरत नाही.
पण माझं चुकलं कुठं ते कळलं. तो राजा होता, त्याला चिडता येत होतं. आमचे कधी कुणावर चिडलेच नाहीत. सांगितलं की करायचे. मुकादम चल म्हणाला, गेले. बायकोनं दगड मागितला, तर कसा निघेल असं विचारतील कशाला, पहार घेतील. आणि तिसरी रांग आता पाण्याखाली असणार.

दादाला सगळं सांगितलं. फॉर्म उद्यापर्यंतच, म्हणाला. मग स्टँडवर सोडायला आला.

स्टँडवरच लिहितेय. फॉर्म पिशवीत आहे, सही नाही. कुठला दगड निघतो ते बघायला चाललेय असं दादाला सांगितलं. खोटं आहे. दगड कुठलाही निघो. ते पुन्हा पाण्यात उतरायच्या आत मला पोचायचंय.
गाडी लागली.