बर्फाच्या लादीवर हातमोजे

माय, मार्चमधल्या त्या दुपारी मी कॉलेजातून जवळजवळ पळतच घरी आले होते. हिमालयात मुलींसाठी गिर्यारोहणाचं महिनाभराचं शिक्षण होतं आणि आमच्या कॉलेजातून एकटी मी निवडली गेले होते. बाबा टपाल वाटून नुकतेच परतले होते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, कागद वाचला आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आपली पोरगी बर्फात जाऊन राहिली!" तू चुलीपुढे भाकर थापत होतीस. तुझा हात थांबला. मागे न वळता "नाही जाणार ते," एवढंच बोललीस आणि भाकर तव्यावर टाकलीस.

कारण विचारायची गरज नव्हती. चीनच्या लढाईहून मामा परत आला तेव्हा मी शाळेत होते. दोन्ही हातांची मिळून त्याची चारच बोटं धड उरली होती. तेव्हापासून तो चारचौघांत हात दुपट्ट्याखाली घेऊन बसायचा, आणि आपल्या घरात बर्फ हा शब्दच कोणी काढत नसे. बाबांनी त्या कागदावर सही केली तेव्हा तू त्यांच्याशी बोलणं सोडलंस आणि माझ्याशीही. ताट पुढे सरकवायचीस, दवाखान्यात आयाच्या कामावर जायचीस, परत यायचीस. घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मला वाटत होतं, तू उद्या तो कागद चुलीत टाकशील. मी तो उशीखाली घेऊन झोपायची.

मग एका रविवारी तू नवं लुगडं नेसलीस आणि म्हणालीस, "चाल, कामठीले जाऊ." कामठीला मामा राहायचा. मामा ओसरीत खाटेवर बसला होता, हात नेहमीप्रमाणे दुपट्ट्याखाली. तू चहासुद्धा होऊ दिला नाहीस.

"दादा, हात दाखव इले."

"काहून वं?" मामाचा चेहरा उतरला.

"हे तिकडं जाऊन राहिली. पाहू दे."

मामी आतून बाहेर आली आणि दारातच थांबली. मामानं तुझ्याकडे पाहिलं. आता हा उठून निघून जाणार असं मला वाटलं. त्यानं दुपट्टा बाजूला केला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. मी इतक्या जवळून ते कधीच पाहिले नव्हते. माझी नजर खाली गेली तशी तू माझी हनुवटी धरून वर केलीस.

"आम्हाले सुती हातमोजे होते," मामा हळू बोलायला लागला. "ओले झाले का थंडी बोटात उतरे. बोट दुखे तोवर बरं. दुखणं थांबलं का समजावं, गेलं."

"मग मी चांगला जाड जोड घालीन," मी म्हणाले.

"जाड जोडात गाठ मारता येते का? नाही आली का तू तो काढशील. काढला का संपलं. काम कराले पातळ पाहिजे, बोटाबोटाचा. उभं राहाले, निजाले जाड. अंगठा वेगळा आन चारही बोटं एका घरात, म्हणजे एकमेकाले गरम ठेवतात. घट्ट नको, घट्ट झाला का रक्त अडते. जो जोड हातात नसंल तो पोटाशी ठेवायचा, अंगाच्या गरमीनं सुकते." मग तो म्हणाला, "आन लोकर मऊ पाहिजे. टोचरी असली का पोरं हातमोजे काढून टाकतात."

परतताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस. नागपुरात शिरताना, मोतीबागेच्या आसपास, म्हणालीस, "जाशील तू. पण हातमोजे मी म्हणीन ते."

एप्रिलच्या तोंडावर नागपुरात लोकर कुठे मिळणार? हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटर मांडून बसणारे तिबेटी कधीच गाशा गुंडाळून गेले होते. तू लोखंडी पेटी उघडलीस आणि तुझं राखाडी स्वेटर काढलंस. दवाखान्यातली गोरी मेट्रन मायदेशी परतताना तुला देऊन गेली होती. थंडीतले चार दिवस तू ते घालायचीस, बाकी वर्षभर कडूनिंबाच्या पाल्यात ठेवायचीस. गळ्यामागची पट्टी मी वाचून दाखवली, मेरिनो. तू विचारलंस, म्हणजे काय? मी म्हणाले, मेंढीची एक जात असते. तू ते गालाला लावून पाहिलंस, मग मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिलंस, टोचतं का ते. आणि कात्री घेऊन बसलीस. एकेक ओळ उसवत जाताना तुझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला ते बघवत नव्हतं.

आधी पातळ जोड झाला, मग दुहेरी लोकरीचा जाड. त्यानंतर तू जे केलंस ते मोहल्ला पुढे कितीतरी दिवस सांगत होता. बर्फाच्या कारखान्यातून तू एक लादी आणवलीस, भुशात आणि पोत्यात गुंडाळून. भर दुपारी अंगणात परात ठेवलीस, तीत लादी, आणि मला समोर बसवलंस. आधी बाबांचे सुती पायमोजे ओले करून माझ्या हातांत चढवलेस. "ठेव हात." डोक्यावर ऊन आहे, पाठीवरून घाम वाहतो आहे आणि मी बर्फाला हात लावून बसले आहे. कुंपणापलीकडे शेजारच्या बाया उभ्या आहेत. एकीनं काहीतरी टोमणा मारला, मला हसू फुटलं, आणि तुझा हात माझ्या पाठीत बसला.

"हासून काय राहिली वं? तुह्या मामाची बोटं हासण्यावारी गेली का?"

बाया पांगल्या. माझ्या बोटांत कळा सुरू झाल्या, मग मुंग्या, मग काहीच कळेना. "दुखून राहिलं का?" तू विचारलंस. मी म्हणाले, "आता नाही." तू झटक्यात माझे हात ओढून तुझ्या काखांत घेतलेस आणि तशीच बसून राहिलीस. तुझं काळीज केवढ्यानं धडधडत होतं, ते मला मनगटांना कळत होतं. नंतर मेरिनोचा पातळ जोड चढवलास, तोही ओला करून, आणि खाटेची दोरी पुढे टाकलीस. "मार गाठ." गाठ बसली. हात गार पडले, पण दुखत राहिले, म्हणजे जिवंत होते. एका अंगठ्याशी काचत होतं, तेवढं तू उसवून पुन्हा विणलंस. निघायच्या दिवशी जाड जोड माझ्या हातात देत म्हणालीस, "हा कोणाले द्यायचा नाही. सख्खी बहीण म्हणून आली तरी नाही."

सगळं वापरलं, माय, तू सांगितलंस तसंच. तंबू बांधताना, स्टोव्ह पेटवताना, दोर हाताळताना पातळ. पहाऱ्याला, झोपताना जाड. शेवटच्या चढाईहून उतरताना वारा सुटला. पुढचा दोर बांधून होईपर्यंत आम्हाला उतारावर खोळंबून राहायला सांगितलं. माझ्याच दोराला बांधलेली पुण्याची एक मुलगी होती. तिचे हातमोजे कातडी, दिसायला देखणे, पण पार भिजलेले. बक्कल लावायला तिनं एक काढला आणि तो वाऱ्यानं गेला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता दुखत नाहीये गं, बरं वाटतंय." तिची बोटं मेणासारखी पांढरी झाली होती.

माझा जाड जोड कोरडा होता, पोटाशी. तुझा आवाज कानात होता. मी किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. फार नसेल, पण थांबले. मग तिचे हात आधी माझ्या काखांत घेतले, आणि नंतर तो जोड तिला चढवला. खालच्या तंबूत पोहोचेपर्यंत माझ्या डाव्या करंगळीचं टोक काही सांगेनासं झालं होतं.

जूनमध्ये गाडी नागपूरला लागली तेव्हा फलाटावर बाबा झेंडूचा हार घेऊन उभे होते. तू त्यांना बाजूला सारून पुढे आलीस, माझे दोन्ही हात धरलेस आणि गर्दीत, हमालांच्या धक्क्यांत, तिथेच करंगळीची पट्टी सोडलीस. टोक काळं पडलं होतं.

"कोणाले देल्ला?"

मी सांगितलं. आता मार बसेल म्हणून मी अंग चोरलं.

"तिची बोटं वाचली का?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

तू पट्टी पुन्हा बांधलीस, दवाखान्यात बांधतात तशी, घट्ट नाही, सैल नाही. बाबांना म्हणालीस, "अहो, रिक्षा पाहा." त्या दिवसानंतर बाबांशी तुझं बोलणं पुन्हा सुरू झालं. करंगळीचं टोक पुढे कायमचं गेलं. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण तू माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाहीस, याचा राग मात्र मी बरीच वर्षं धरून होते. उन्हानं सोललेलं नाक, फुटलेले ओठ. मी शिखरावर उभी राहून आले होते, आणि तू एकदाही विचारलं नाहीस की वरून काय दिसलं. कॉलेजात सगळ्यांनी विचारलं. त्यांना मी सांगितलं, जिथवर नजर जाईल तिथवर पांढरे डोंगर, खाली नदीची रेघ. भाषणातही सांगितलं. टाळ्या पडल्या.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तू विचारलं नाहीस ते बरंच झालं. तुझ्यासमोर मला ते बोलता आलं नसतं. वर नुसतं धुकं होतं, माय. काहीच दिसलं नाही.