उष्टा हात

प्रिय मालू,

हे फोनवर बोलायची सोय नाही. इथे आखातात, सनाबिसच्या या फ्लॅटमध्ये मी नुसता खोकलो तरी गौरव आतून विचारतो, बाबा, गोळी घेतली का? म्हणून लिहितोय. इथल्याच हमद टाउनचा कैलास ड्रायव्हर सुट्टीवर गावी निघालाय, त्याच्या हाती देतो. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, अक्षर लावून घे.

तुझ्या लेकाने लग्नाला पसंत केलेली ती रोवेना, फिलिपिन्सची, दातांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. दर शुक्रवारी जेवायला येते. तिच्यापायी माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. इथे आपल्या लोकांच्या गणपतीच्या आरत्या चालू, आणि हिची नाताळची गाणी सुरू! सप्टेंबरात! म्हणे त्यांच्याकडे तेव्हापासूनच लागतात. आमच्या खिडकीत तिने दिव्यांची एक चांदणी टांगलीय, ती लुकलुकते आणि माझी झोप जाते. सुका बांगडा मात्र आपल्यासारखा हाताने कालवून खाते. पोर वाईट नाही, तेवढं लिहून ठेवतो.

पहिल्याच शुक्रवारी घोळ झाला. मी जेवत होतो. ही आली, वाकली, माझा उजवा हात धरून कपाळाकडे न्यायला लागली. अगं, आमटीने भरलेला हात! उष्टं तिच्या कपाळाला लागेल म्हणून मी झटक्यात मागे ओढला. तिचा चेहरा पडला आणि न जेवताच गेली. मग गौरवने मला शाळेत बसवलं. त्यांच्यात म्हणे मोठ्यांचा हात असा कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. स्पॅनिश आले, तीनशे वर्षांवर राहिले, धर्म बदलला, आडनावं बदलली. मग अमेरिकन आले, मधे जपानी. "पण हे कुणाला काढून घेता आलं नाही, बाबा. तुम्ही एका शुक्रवारात काढून घेतलंत!" मी उष्ट्याचं सांगतोय, तर म्हणतो, सबबी सांगू नका. बापाशी बोलायची ही रीत?

पुढच्या शुक्रवारी मी साबणाने हात धुतला, पुसला आणि तिच्यापुढे धरला. तिने त्यात चहाचा कप ठेवला. काय करणार, प्यालो. इंग्रजी मला येत नाही, मराठी तिला येत नाही, आणि मधे बोलणारा तोंड फुगवून बसलाय. आता ती त्याला म्हणते, तुझ्या वडिलांना मी नको असेन तर राहू दे.

दिवाळीला आम्ही तिघे गावी येतोय. तुझी पसंती मिळाली तरच ती होकार देणार आहे. म्हणून एवढं कर. ती दारात आली की हातातलं काम टाक, हात धू आणि तिच्यापुढे कर. तिने तो कपाळाला लावला की माझा हात धरून तूच पुढे ने. मला एकट्याला ते जमत नाही गं.

तुझाच,
शिवदास