पहिली ‘ब’चं बोरन्हाण

२१ जानेवारी २०१९, सोमवार. दुपारी.
ही वही पद्मीने दिली. तिच्या शाळेची उरलेली डायरी. प्रत्येक पानाच्या तळाशी पालकांच्या सहीची जागा आहे. तिथे मीच सही करणार. माझ्यावर सही करणारं आता कोण उरलंय.

मी तिसरी पास. चौथीत जायचं तर धाकटे दोघे भाऊ सांभाळायला घरी बसवलं. त्यातला भालचंद्र इंजिनियर झाला, तो आता फोनसुद्धा करत नाही. असो. वही देताना पद्मी म्हणाली, आजी, जे बोलावंसं वाटेल ते आधी यात लिहीत जा. माझे विचार जपून राहावेत असं वाटत असणार तिला.

पद्मी म्हणजे पद्मजा, माझी नात. वय चोवीस. नोएडातच, आमच्यापासून चार सेक्टर सोडून शाळेत टीचर आहे. पहिली ‘ब’, बत्तीस पोरं. नोकरी अजून कच्ची. प्रायमरीच्या हेड हेमलता मॅडम एक दिवस वर्गात मागे बसणार, रिपोर्ट लिहिणार, मग फेब्रुवारीअखेर कन्फर्म. नाहीतर नमस्ते. एवढ्या पोरीवर एवढं टेन्शन. कालपासून डोकं तापलंय माझं.

संकल्प: रागवायचं नाही. शाळेच्या कामात पडायचं नाही.

२५ जानेवारी. चहा झाल्यावर.
साडेतीनला पद्मी येते. चहा, दोन टोस्ट, आणि वर्गात काय झालं ते. सूनबाई सुमित्रा बँकेतून सातला येते, मुलगा उल्हास दिल्लीच्या मंत्रालयातून आठला, त्यांना शिळं मिळतं. ताजं मला.

आज मन्नतचा दात पडला. तिने तो डब्यात राजम्याशेजारी ठेवला आणि सगळ्या वर्गाला दाखवला. तेगवीरने विचारलं, मॅम, आप रात को स्कूल में ही सोती हो क्या. पद्मी नाही म्हणाली तर बिचारा हिरमुसला. मग एकीने तिला चुकून मम्मी म्हटलं, आणि कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचंच ते एकदा झालंय. सांगताना पद्मीचं तोंड बघावं. पगाराच्या दिवशीसुद्धा असं नसतं.

आणि या हेमलता मॅडम म्हणतात काय, तर मिस पद्मजा, आप क्लास में हंसती बहुत हैं. म्हणजे काय, रडायचं? सहा वर्षांच्या पोरांसमोर?

उल्हासचा मोबाइल आज घरीच राहिलाय, त्यावरून मी शाळेच्या ऑफिसात फोन केला. फक्त एक मिनिट बोलले, की हसणारी बाई असली की पोरं डबा संपवतात. मोबाइलमध्ये सोळा मिनिटं दिसतायत. तो मोबाइल बिघडलाय.

३० जानेवारी.
उल्हास त्या सोळा मिनिटांवरून अजून बोलतोय. म्हणतो, आई, तू पद्मजाची नोकरी घालवशील. पंचावन्न वर्षांचा घोडा, आईशी बोलायची रीत नाही. धुक्यामुळे खोकतोय म्हणून सोडून दिलं.

फोन करायचा नाही असं ठरवलं. आपलं काम झालंय.

१ फेब्रुवारी, शुक्रवार.
म्हटलं होतं ना.

मॅडम वर्गात बसणार तो दिवस ठरला: १२ तारीख, मंगळवार. विषय, घरातली मोठी माणसं. कुणातरी पोराची आजी किंवा आजोबा बोलावून गोष्ट सांगायला लावायची. पद्मीने तीन घरी विचारलं. एका आजीचे गुडघे, एक हरिद्वारला, एक पानिपतला लेकीच्या बाळंतपणाला. शेवटी पद्मी माझ्याकडे आली. म्हणाली, आजी, दहा मिनिटं, हिंदीत, सशाची गोष्ट, आणि बस. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनही दिली. शेवटी लिहिलंय, ‘धन्यवाद बच्चो’, आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात.

माझ्या फोनचाच परिणाम हा. वर विचार झाला असणार.

हिंदीची काळजी नाही. एक्केचाळीस वर्षं दिल्लीत काढली. माझं हिंदी ऐकून भाजीवाले वाद घालत नाहीत, भाव सांगतात आणि दुसरीकडे बघतात.

५ फेब्रुवारी.
पंचांग बघितलं. १२ तारखेला रथसप्तमी. अंगावर काटा आला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पोरांचं बोरन्हाण करतात. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे ओतायचे. बाकीची पोरं तुटून पडतात लुटायला. पद्मीचं मी पाचही वर्षं केलंय. म्हणून तर ती अशी ठणठणीत.

या बत्तीस पोरांचं कुणी केलंय? पंजाबी, बिहारी, मेरठची, दोन केरळची. एकाचंही नसणार. म्हणूनच वर्गात सारखी सर्दी. पद्मीच सांगते, नाकं पुसण्यात एक पिरियड जातो.

पाच वर्षांच्या आतलं पोर लागतं म्हणतात. ज्यांचं राहिलंय त्यांचं सहाव्याला चालतं. हे मी ठरवलं.

मॅडम बघतच राहतील. सशाच्या गोष्टीने कुणी कन्फर्म होतं का.

पद्मीला सांगायचं नाही. सरप्राइज.

११ फेब्रुवारी. संध्याकाळी.
सामान झालं. चुरमुरे दोन किलो. बत्तासे. ऊसवाल्याकडून करवे, तो गंडेरी म्हणतो. बोरांवरून डोकं फिरलं. आपली आंबटगोड गोल बोरं या लोकांना माहीतच नाहीत. इथली बोरं लिंबाएवढी, टणक, हिरवी. फळवाल्याला म्हटलं, हे बोर आहे की क्रिकेटचा बॉल. तो म्हणाला, अम्मा, एप्पल बेर है, बढ़िया है. चार किलो घेतली. मोठं बोर म्हणजे मोठा आशीर्वाद.

हलव्याचे दागिने बत्तीस जणांना पुरत नाहीत. एक मुकुट आहे, तो फिरवू.

पद्मीने दोनदा विचारलं, पिशवीत काय आहे. म्हटलं, स्वेटर.

१२ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी.
थकलेय. थोडक्यात लिहिते.

मी काळी चंद्रकळा नेसून गेले. मॅडमनी दारातच हळू आवाजात विचारलं, घर में कुछ हुआ है क्या. या लोकांना सणाचं काळं कळत नाही. मी म्हटलं, नाही, होणार आहे.

पोरं काय गोड. डब्यात दात ठेवणारी मन्नत मी न सांगता ओळखली. ससा मी तीन मिनिटांत संपवला, कासवाला जिंकूनसुद्धा दिलं नाही, वेळ कुठे होता. मग पिशवी उघडली. पद्मीने आजी म्हणून हाक मारली. मला ती आनंदाची वाटली.

पहिला तेगवीर. त्याच्या डोक्यावर पटका, त्यामुळे त्याला काही लागलं नाही, उलट और करो म्हणाला. त्यावरून माझा अंदाज चुकला. दुसरं पोर चष्म्याचं निघालं. तिसऱ्याला टेंगूळ आलं. रडलं जरा. पण तोवर बाकीची लुटायला धावली, बाकांखाली, एकमेकांवर, आणि अशी आरडाओरड की पहिली ‘अ’ दारात येऊन उभी. एवढा आनंद त्या शाळेने कधी पाहिला नसेल.

एकाने चुरमुरा नाकात घातला. त्याला माझा इलाज नाही. पद्मीने त्याला मांडीवर घेतलं, दुसरी नाकपुडी दाबली, शिंक म्हणाली, निघाला. टेंगळावर ओला रुमाल ठेवला. मग टाळ्या वाजवत कुठलंसं गाणं सुरू केलं आणि दोन मिनिटांत एकतीस पोरं मांडी घालून खाली. बत्तिसावा बत्तासे खात होता. मी इतकी वर्षं म्हणतेय, पोरीत गुण आहे.

मॅडम मागून उठून पुढे येत होत्या. बोरावर पाय आला आणि बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. घोटा थोडा मुरगळला. तरी मी त्यांच्याही डोक्यावर चार चुरमुरे टाकले, शकुनाचे.

एकूण उत्तम झालं.

१३ फेब्रुवारी.
पद्मी आली, चहा घेतला, खोलीत गेली. वर्गातलं काही सांगितलं नाही. मी विचारलं, तेगवीर काय म्हणाला. म्हणाली, ठीक होता.

मॅडमनी तिच्याकडून लेखी मागितलंय: परवानगीशिवाय वर्गात खाण्याचं सामान कसं आलं. दोन आयांनी तक्रार केलीय. टेंगळाची एक, आणि दुसरी म्हणते, माझ्या मुलावर का नाही ओतलं. दुसरी बाई शहाणी.

संताप आला. जिने घोट्यावरून एवढं केलं तिने आमच्या घरी येऊन मला विचारावं. आठ उत्तरं तयार आहेत. वहीत लिहून ठेवली, मागच्या पानावर.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार.
उल्हासने पद्मीसाठी इंग्रजी पत्र लिहिलं. सरकारी नोकरीत दुसरं काय शिकला. दिवाणखान्यात वाचून मराठीत समजावत होता, मी ऐकत नाही असं त्याला वाटलं. लिहिलंय काय, तर आजींना वयामुळे आता नीट समजत नाही, काय सांगितलं ते लक्षात राहत नाही, घरच्यांनाही कधी कधी ओळखत नाहीत, त्यांना आणलं ही माझी चूक, पुन्हा होणार नाही.

पोटचा पोरगा.

मी आत जाऊन बोलणारच होते, तेवढ्यात पद्मी म्हणाली, बाबा, मी असलं काही देणार नाही. आजीला सगळं समजतं. उल्हास म्हणाला, मग नोकरी जाईल, ठरव तू.

काय ठरवायचंय. माझी नात आहे ती. मान ताठ ठेवून खरं तेच लिहील. रागाने भाकरी दोनच खाल्ल्या.

२८ फेब्रुवारी. चार वाजता.
कन्फर्म झाली. पत्र आलं. रिपोर्टात लिहिलंय, अचानक आलेल्या प्रसंगात वर्ग शांतपणे सांभाळला. अचानक प्रसंग कुणी आणला ते लिहिलं नाही, पण लिहिणाऱ्याला माहीत आहे.

सत्य जिंकलं. हेमलता मॅडम सरळ माणसाला घाबरतात, हे मला पहिल्या फोनपासून ठाऊक होतं. मी शिरा केला. पद्मीने खाल्ला, पाया पडली, आणि डोळे पुसले. आनंदाचे.

आता मॅडम कुठे भेटल्या तर ती आठ उत्तरं देणार. नोकरी पक्की, आता कुणाची भीती. पाठ करतेय.

३ मार्च, रविवार.
सकाळी पद्मीबरोबर भाजीला गेले. मटाराच्या गाडीपाशी हेमलता मॅडम. घोट्याला पट्टी. मी पदर खोचला.

त्यांनी पद्मीकडे बघून मान हलवली, आजाऱ्याच्या घरी हलवतात तशी. मग माझ्याजवळ आल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारलं, अम्माजी, हमें पहचाना?

मी पद्मीकडे बघितलं. ती मटार बघत होती. एकच शेंग हातात धरून.

आठही उत्तरं तोंडात होती.

मी म्हटलं, नहीं जी. आप किसकी बहू हैं?

मॅडमचे डोळे भरून आले. पद्मीला इंग्रजीत काही म्हणाल्या, धीराचं असावं. जाताना माझ्या गालाला हात लावला.

येताना पिशवी पद्मीनेच घेतली. घरी आल्यावर दोन किलो मटार तिने एकटीने सोलले. मी ताट ओढलं तर म्हणाली, राहू दे आजी, तू बस.

मी बसले.