तुमच्या खोक्यामागची चौथी टाकी

सुरुवात : सकाळी ११ वाजून २० मिनिटं

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार (आज खरंच वाकून, कारण व्हरांड्यातल्या बाकावर वही मांडीवर घेऊन लिहिते आहे). गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की नुसतं घड्याळ लावून त्याच्याकडे बघत बसता? मी मजेत आहे. मधे नोकरी जाता जाता राहिली, पण आता ती कायम झाल्यातच जमा आहे, असं माझं ठाम मत आहे. सगळं ओळीने सांगते, कारण तुमच्यासारख्या स्टेशनमास्तरांना मधल्याच स्टेशनपासून सांगितलेलं चालत नाही.

माझे समुद्री किडे तुम्हाला ठाऊक आहेतच. करंगळीएवढे, पाठीवर खवले आणि चेहऱ्यावर (चेहरा म्हणायचं आपलं) लग्नात जेवण उरकून बसलेल्या पाहुण्यासारखा निर्विकार भाव. पण घरात पाळणा हलायचा तर मंडळी मुहूर्ताला फार कडक. आधी सहा आठवडे आखूड दिवस आणि गार पाणी, म्हणजे हिवाळा, अंगावरून जायला हवा. मग दिवस वाढले, पाणी जरा कोमट झालं, की अंडी पिकतात. हिवाळा पटलाच नाही, तर पोटातली अंडी पोटातच जिरवतात आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतात. म्हणून आम्ही एका खोलीत बारा टाक्या मांडून त्यांच्यासाठी खोटा हिवाळा केला. पाणी दहा अंशांवर, छतावरचे दिवे सकाळी सहाला लागणार आणि दुपारी दोनला विझणार. दोननंतर किड्यांची रात्र. खोली माझ्या ताब्यात होती, आणि समिती येईल तेव्हा अंडी दाखवली तरच मी कायम होणार होते.

सहा आठवडे सरले. दिवस वाढवले, पाणी कोमट केलं, आणि परवा मोठ्या बाईंसमोर (आमच्या प्रमुख, हसल्या तर वहीत नोंद करावी अशा) टाक्या उघडल्या. बारांपैकी अकरांत शुकशुकाट. मी वेळ न दवडता वायरमनला धरलं. छतावरचे दिवे वेळेवर विझत नसणार, तुमच्या कामात राम नाही, असं चारचौघांत सुनावलं. तो बिचारा शिडी घेऊन आला, घड्याळाची कळ तपासली. दिवे दोनला म्हणजे दोनला विझत होते, तुम्ही असतात तर त्याला हार घातला असता. शिडीवरून उतरता उतरता त्याची नजर कोपऱ्यातल्या टेबलावर गेली. "ताई, दोननंतर हा दिवा कोण लावतं?" त्याने विचारलं.

मामा, तो मीच लावत होते. मामी गेल्यावर तुम्ही लिहिलं होतंत, चार ओळींची पत्रं पाठवू नकोस, घर फार शांत झालंय. ते वाक्य माझ्या मनातून जाईना. बाहेर उन्हाने जीव नकोसा व्हायचा, म्हणून तीन वाजले की मी थंड खोलीत जायचे, मामींनी विणलेला स्वेटर चढवायचे, टेबलावरचा लहानसा दिवा लावून तुम्हाला पानंच्या पानं लिहायचे. नियम छतावरच्या दिव्यांचा होता. हातभर टेबलदिव्याला दिवस कोण म्हणतं? (किडे म्हणतात.) ऐन रात्री तासभर उजेड पाहून त्यांनी हिवाळा नाहीच असं ठरवलं. फक्त चौथ्या टाकीतल्या माद्या अंड्यांनी टम्म फुगल्या होत्या. तुम्ही स्वेटर ज्या खोक्यातून पाठवलात, ते खोकं मी दिवा आणि त्या टाकीच्या मधे ठेवलं होतं.

मोठ्या बाईंनी टेबलदिवा लावून खोक्याची सावली चौथ्या टाकीवर पडते का ते पाहिलं. मग म्हणाल्या, दिवा कधी लागला आणि कधी विझला याची रोजची नोंद असेल तर हे नवीन संशोधन आहे, आणि नसेल तर हा तुझा निष्काळजीपणा आहे. मी छातीठोक सांगितलं की मिनिटामिनिटाची नोंद आहे. आहेच. पत्राच्या डोक्यावर सुरुवातीची वेळ आणि तळाशी शेवटची वेळ घालायची शिस्त मला तुम्हीच लावलीत. लिहायला बसताना दिवा लावायचा, सही केली की विझवायचा, यात एका दिवसाचा खंड नाही.

गुडघ्याला जपा.

तुमची भाची

शेवट : १२ वाजून ५ मिनिटं (व्हरांड्यातल्या उजेडात)

ता.क. तेव्हा माझी सगळी, म्हणजे बेचाळीसच्या बेचाळीस पत्रं, हे मिळताच रजिस्टरने पाठवा. समिती सोमवारी येते.

ता.क. २. बाईंना वेळा उतरवून चालत नाहीत, मूळ पत्रंच हवीत. त्यांच्या चालण्याची नक्कल, त्यांचा चहा आणि 'थर्मामीटर' हे टोपणनाव जिथे जिथे आलंय, तिथे काळी शाई फिरवा. वेळांना हात लावू नका.

ता.क. ३. वायरमनची चारचौघांतच माफी मागितली. तो म्हणाला, मामांना माझा नमस्कार लिहा, पण बाहेर बसून.

ता.क. ४. मामा, पत्रं ठेवली आहेत ना?