दादाच्या हातचा बेस

बोरटोला, ता. आमगाव
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

देवानंदबाबू,

हाव, करून घे ना सरळ. माहा हुकूम कायले पाहिजे तुले? नागपूरचा मिस्त्री म्हनते का बेस गिटाराची डांडी वाकली, तिच्यावरची सातवी पट्टी सरकली, तर मारू दे त्याले रंधा. दादाले राग नाही येत. दादाले आता कशाचाच राग नाही येत.

आशीर्वाद लिहायचा राहिला. तुले आन मोनालीले आशीर्वाद. घरी सारे बरे आहेत, म्हंजे मी आन कोंबड्या. धान कापून झाला, खळ्यातला चुरना बाकी आहे. फोन काऊन नाही केला म्हनशील, तर फोनवर तू मधातच रडतो. एवढा मोठा घोडा झाला, केसाले काळी मेंदी लावतो आन नाकातून सूं सूं करतो. चिठ्ठी वाचून रडशील तर मले आयकू येनार नाही.

चिठ्ठीत दुसरं जे विचारलं, का दादा अखेरीले तुह्याबद्दल काय बोलला, ते मागून सांगतो. आधी गंमत आयक.

परवा शेजारची दुर्पता आली मोबाईल घेऊन. "वहिनी, पाहा तुमचा देवर, कोन्या गावच्या मंडईत, जत्रेत वाजवून राहिला." पाहिलं. चमकीचा कोट, पोट बाहेर, लाल लाईट. तुनं गिटार वर धरला, त्याची पापी घेतली, माईकवर म्हनला, "ये मेरे दादा के हाथ का आखिरी बेस है. इसकी गलतियां ही मेरा दादा है." मंग कॅमेऱ्यासमोर एक एक चूक बोट लावून दाखवली, जसा डॉक्टर पेशंट दाखवते. "यहां दादा का हाथ कांपा." लोकायनं टाळ्या वाजवल्या. दुर्पतानं पदरानं डोळे पुसले. मले असा हासा आला का चहा नाकात गेला.

"काय बाई तुमी!" दुर्पता म्हने. "त्यानं तुमच्या मानसाची आठवन काढली आन तुमी हासता?"

"माहा मानूस होता. मी हासीन, नाहीतर नाचीन."

दादाचा हात नव्हता कापत, बाबू. तंबाखूच्या खर्र्यानं तोंड सडलं, अर्धा जबडा काढला, बोली गेली, भात गाळून नळीतून द्यायची पाळी आली, पन हात अखेरवरी जसेच्या तसे होते. झोपेत बी अंगठ्यानं लाकूड घासल्यासारखं करत राहे. तू आला असता तर पाहिलं असतं.

सातवी पट्टी सरकली काऊन, सांगू? कुकरची शिटी झाली आन मी उठली. येऊन पाहतो तर हातोडीचा ठोका तिरपा बसून गेला होता. म्हटलं, जाऊ दे, देवानंदले कुठं समजते.

आता समजलं, का अजून खुलासा करू? तो गिटार मी बनवला.

पाठीवर तो काळा डाग आहे, ज्याले तू दादाची बिडी म्हनतो. दादानं जन्मात बिडी ओढली नाही, खर्राच खाल्ला, आन भाऊ असून तुले हे ठाऊक नाही. तो तव्याचा डाग आहे. बेस मांडीवर होता, बाजूले तवा उतरवून ठेवला, बस, चिकटला. कडेची गाठ पोकळ निघाली, तर मी तिच्यात लाकडाचा भुसा आन लाख वितळवून भरली. जास्त झाली, तसाच फुगवटा राहिला. त्याच्यावर तुनं टिळा लावला म्हने दसऱ्याले! लाखेच्या गोळ्यावर! बाई बाई बाई.

मले काय येत होतं? एवढे वर्स मी दादाच्या समोर बसून लाकूड धरलं, पालिश पेपर घासला, फ्रेटची तार ओढून दिली. तो कापे, मी धरे. धरता धरता जेवढं डोळ्यानं घेतलं तेवढंच येत होतं. पहिली डांडी फुकट गेली. दुसरी तुह्याकडे आहे. लाकूड घरचंच होतं, दादाचं उरलेलं शिवन. कान पिळायच्या खुट्या आन आवाज धरनारा डब्बा बी घरातच होते. आता गोंदियाचे आर्केस्ट्रावाले पोट्टे माह्याकडे तुटके बेस घेऊन येतेत. दोन आताच पाटावर पडून आहेत. एकाची डांडी मुळातूनच तुटली, वाजवता वाजवता दोघायनं एकमेकायले गिटारानं मारलं म्हने. तुमची जातच तशी.

तू म्हनशील, वहिनी, मंग तेव्हाच काऊन नाही सांगितलं. तेरवीले डोक्याचा गोटा करून तू माह्या समोर बसला, म्हनला, "वहिनी, दादानं माह्यासाठी काही ठेवलं का?" मी म्हटलं, "ठेवलं ना. पालिश बाकी आहे, मंग पाठवतो." तोंडातून निघून गेलं. मंग वर्सभर बसून बनवावा लागला मले. मले वाटलं, तू पाहशील, पहिल्याच सुराले वळखशील, फोन करून शिव्या देशील. पन तू तर त्याची पूजा करून राहिला.

आपल्या गावची मंडई आठवते? आठवत असनच. दादानं पहिला बेस तुह्यासाठी बनवला. शिवनाचं लाकूड ओलंच होतं. त्याले माहीत होतं. म्हने, "एक उन्हाळा थांबायले पाहिजे होतं, पन आपल्या देवानंदची पहिली मंडई आहे." तुह्या घाईसाठी तो थांबला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला, मी बाजूले. तिसऱ्या गान्यात डांडी वाकली, तारा उतरल्या. होते असं. तुनं वाजवनं थांबवलं असतं, दुसरा घेतला असता, बात संपली असती. पन तुनं माईक धरला. "ये गिटार नहीं है भाई, बैल का जू है! कोई बैल दे दो, फिर बजाता हूं!"

सारी मंडई हासली. दादा बी हासला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होती, तर तो हासत होता आन शर्टाची बटन लावत होता, लागलेलीच बटन, परत परत.

त्याच्यानंतर पोट्टे रस्त्यानं म्हनत, "टेकचंदकाका, बैल कुठं बांधला?" तो मान हालवून हासे. परत कधी मंडईले गेला नाही. मंडईतला डंडारीचा खेळ पाहायची केवढी आवड होती मानसाले. दिवाळी झाली का मी तयार होऊन बसे, तो म्हने, "तू जाय ना दुर्पतासंग, माहं डोकं दुखते." पाच मंडया डोकं दुखलं. मंग तोंड दुखायले लागलं.

तू एकदा तरी आला? फोनवर म्हनत होता, "प्रोग्राम आहे वहिनी, सीझन आहे." मेला त्या दिवशी बी तुहा प्रोग्राम होता. माती झाली, तू तिसऱ्या दिवशी आला.

आन आता तू लिहितो का बेस आल्यापासून मले झोप लागते. दादानं माफ केलं, त्याच्या हातचं माह्या छातीशी आहे, आता मन हलकं आहे. मोनाली बी म्हनते का आता घोरतेत.

बाबू, तुही झोप वाचून मले बरं नाही वाटलं. चार दिवस ती चिठ्ठी उशाखाली होती आन झोप माही गेली. आधी मले मजा येत होती. तू माह्या चुकायची पापी घे, मी हासतो, चालू दे, म्हातारपनी मले दुसरा तमाशा कोनता आहे? पन तू झोपशील असं नव्हतं ठरलं.

तर मागून सांगतो म्हटलं होतं ते.

दादानं तुह्यासाठी दुसरा बेस बनवला होता. खराखुरा. लाकूड दोन उन्हाळे माळ्यावर वाळवलं, मंगच हात लावला. जबडा काढायच्या आधी संपवला. डांडी अशी सरळ का डोळा लावून पाहिलं तर दोरी तानली वाटे. एक गाठ नाही, एक डाग नाही. वाजवून पाहिला त्यानं, मले म्हने, "रुख्मा, आता नाही उतरनार." मंग माह्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आन म्हनला, "देवानंदले दे. सांग, दादाच्या मनात काही नाही. पोरगा होता, बोलून गेला." त्याच्यानंतर तो कोनाबद्दलच काही बोलला नाही, तोंडच नव्हतं. तुह्याबद्दलची अखेरची गोष्ट हीच.

तिसऱ्या दिवशी तू आला, बस लेट झाली म्हनला, थंडी आहे म्हनला, आन आंघोळीले गरम पानी मागितलं. मी खुट्या आन डब्बा काढून घेतला, बाकीचा तोडून चुलीत लावला. शिवन लवकर जळते, डांडीचं सागवान उशिरापर्यंत धगत होतं. त्याच्यावर तापलेल्या पान्यानं तू आंघोळ केली. म्हनला बी होता, "वहिनी, पानी छान तापवलं."

त्यानं तुले माफ केलं होतं. मी नाही केलं.

रुख्मा