तिरक्या डेकचा नकाशा

२१ सप्टें. ४६, कडेगाव
हिवताप उतरला, पण पाय एका जागी ठरत नाहीत. गोदीच्या नकाशाघरातून तीन आठवड्यांची रजा. घरी बसून करायचं काय! आबा म्हणतात, "फौजेत ताप आला तरी आमी परेडला हुभं ऱ्हायचो." सुभेदारकीची पेन्शन खातात, परेड काही सुटत नाही.

डोळे मिटले की दगडू दिसतो. शिराळ्याचा फिटर, गोदीतला माझा दोस्त. दुरुस्त झालेलं विमानवाहू जहाज चाचणीला समुद्रात नेलं, तेव्हा आम्ही दोघं वर होतो. उतरणाऱ्या विमानाचा शेपटीचा आकडा त्याला अडवणाऱ्या डेकवरच्या दोराला लागलाच नाही. त्यापुढची अडवायची जाळी फोडून ते सरळ पुढच्या उभ्या विमानांत घुसलं. दगडू तिथंच होता. "पुढं जाऊन उभा राहा, वारा गार लागतो," असं मीच म्हटलं होतं. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

२४ सप्टें.
पुन्हा तेच गणित, आकडा चुकलेलं विमान अडवायचं कसं. डेक लांबवला तर जहाज जड. जाळी भक्कम केली तर पायलट मरतो. सगळे कागद चुलीत घातले. आई म्हणाली, "आरं, सरपान हाय की घरात!"

२६ सप्टें.
बाजार. उतारावर एका गाडीचे बैल उधळले. खाली सोडलेल्या गाड्यांची रांग, माणसं, पोरं. आबा ओरडले, "तिरका काढ रं, तिरका!" गाडीवानानं कासरा ओढला, गाडी रांगेच्या बाजूनं मोकळ्या रानात गेली. कुणाला खरचटलंही नाही.

पिशवी तिथंच टाकून घरी पळालो. उतरायची वाट जहाजाच्या नाकासमोर कशाला? थोडी डावीकडं तिरकी आखायची. आकडा चुकला तर पुढं नुसता समुद्र. वेग असेल तर विमान पुन्हा उडेल. उभी विमानं उजवीकडं, माणसंही. इतकं सोपं? काहीतरी चुकत असणार.

३० सप्टें.
चुकत नाहीये. तीनदा तपासलं. डेक डावीकडं बाहेर येतो, पण उजवीकडं जहाज चालवायचा जड मनोरा आहेच, तोल जमतो. शाईनं पक्का नकाशा काढलाय. नकाशाघराचे मोठे साहेब ११ ला बोटीनं कायमचे विलायतेला चाललेत. माझं ऐकून घेणारा तेवढा एकच गोरा.

४ ऑक्टो., खंडेनवमी
सत्यानाश! आंघोळ करून येतो तर देवापुढं आबांची तलवार, विळे, कुदळ, माझा कंपास, आणि नकाशा. त्यावर हळदकुंकवाची पाच बोटं. आईवर ओरडलो. ती म्हणाली, "तुजं हत्यार ह्योच न्हवं? रातंदिस त्योच तर घिऊन बसतूस."

दुसरा काढायला बसलो तर आबा आडवे. "उद्या सोनं लुटल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाई."
"आवं आबा, लढाईत नवमी आली तर?"
"तवा समोरच्याची नवमी नसायची."
अंगणात फेऱ्या मारून चपला झिजवल्या.

७ ऑक्टो., सातारा
११ च्या आत नवा होणं शक्य नाही. डाग पुसायला गेलो तर आणखी पसरला. तसाच गुंडाळून निघालो. इथं मोटार बंद पडली. स्टँडवरच्या एका पेन्शनर हवालदारानं नकाशा पाहिला. "जहाज वाकडं का काढलंस, गड्या?" समजावलं. म्हणाला, "व्हय की! मंग आजवर कुनाला सुचलं कसं न्हाई?" तीच तर भीती आहे.

१० ऑक्टो., मुंबई
साहेबांनी नकाशा पसरून डागावरच दौत ठेवली. पेन्सिलच विमान समजून तिरक्या रेषेवर दोनदा सरकवली. म्हणाले, हे चालेल.

मग म्हणाले, "कोपऱ्यात मुंबईच्या गोदीतल्या नकाशानविसाचं नाव असलं तर विलायतेत हा कुणी उघडणार नाही. माझं असलं तर उघडतील. तुझं काढून उद्या नऊच्या आत धक्क्यावर आण, नाहीतर तुझ्याकडंच ठेव."

लय राग आला. खरं बोलले म्हणून जास्तच.

नाव शाईत आहे, ब्लेडनंच खरवडावं लागेल. खरवडलं तर कुठल्यातरी डेकवर पुढं उभा असलेला कुणी दगडू वाचेल. नाही खरवडलं तर कागद माझा, आणि माझ्याच पेटीत. आडनाव खरवडून झालं. आता आबांनी ठेवलेलं नाव उरलंय. वही मिटतो, ब्लेड उचलतो.